सिस्टर, छातीत कळ येतेय

३ एप्रिल

प्रिय मावशी,

तू फोन उचलत नाहीस. दोनदा उचललास आणि "पत्रात लिही" म्हणून ठेवलास. म्हणून लिहितेय. दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आईला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तिची सायकल आणि पिशव्या काल घरी पोचल्या. त्यात झोपायची पिशवी निघाली, स्टोव्ह निघाला, पंक्चरची डबी निघाली. आणि आठ ॲल्युमिनियमच्या नळ्या, आतून इलॅस्टिकनं जोडलेल्या. त्या कशाच्या आहेत ते कळलं नाही. ह्यांना वाटलं, पडद्याचे रॉड.

गोळ्यांची पट्टीही होती. चौदा दिवसांच्या चौदा गोळ्या घेतलेल्या. शेवटच्या सकाळचीसुद्धा. तुम्ही दोघी चौसष्टाव्या वर्षी सायकली आणि तंबू घेऊन बावीस दिवस समुद्रापर्यंत जायचं म्हणालात, तेव्हा मी आईला एकच अट घातली होती. तिच्या हृदयाचं तुला सांगायचं. ती म्हणाली, "टाचणीला सांगितलंय. अगदी तोंडावर सांगितलंय." आई खोटं बोलत नसे, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

मग माहीत असताना तू तिला तो चढ का चढायला लावलास? टँकरवाला म्हणाला, ती रस्त्याच्या कडेला एकटीच बसलेली सापडली आणि तू दिड किलोमीटर पुढे होतीस. का?

मी रागावलेली नाही. मला सध्या काहीच होत नाही. फक्त विचारतेय.

बिट्टी

---

९ एप्रिल

चि. बिट्टीस,

"दीड"मधली दी दीर्घ. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, आता सवय जायची नाही. फोन घेत नाही त्याचं कारणही तेच. फोनवर बोललेलं तपासता येत नाही.

"चढायला लावलास" म्हणजे काय ग? मी काय तिला दोरी बांधून ओढत होते? हा प्रवास कोणाच्या डोक्यातून निघाला ते तरी तुला ठाऊक आहे का? मी नाही म्हणत होते. मला म्हणाली, "निवृत्त झाल्यापासून तू लोकांच्या लग्नपत्रिकांमधल्या चुका काढत बसली आहेस. चल, हवा खा." नकाशा तिनं आणला, तंबू तिनं आणला. हवामान खात्यात आयुष्य घालवलेली बाई, कोणत्या आठवड्यात वारा पाठीशी असेल तेही तिनंच काढलं. मी फक्त नावं ठेवायला बरोबर होते.

आणि "टाचणीला सांगितलंय"! मला कोणीही, काहीही, कधीही सांगितलेलं नाही. हृदयाचं अक्षर माझ्या कानावर आलं असतं, तर तिच्या सायकलीचं पुढचं चाक काढून मी माझ्या पलंगाखाली कोंबलं असतं आणि वर झोपले असते. तुझी आई खोटं बोलत नसे, बरं. मग मीही बोलत नाही.

मी पुढे का होते, ते ऐक. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका वर्गात, तिथे पहिल्या वर्षापासून तिला गोगी म्हणायचे, गोगलगाय म्हणून. पन्नास वर्षं मी पुढे आणि ती मागे, असंच चालत आलं. प्रवासातही तोच नियम. मी पुढे जायचं, सावली दिसली की थांबायचं, ती यायची. त्या दिवशी चढ संपल्यावर एक बंद पडलेला पेट्रोलपंप होता. तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर मी पस्तीस मिनिटं बसले. सकाळचे अकरा वाजले होते. मी चिडले होते. बिस्किटांचा पुडा फोडला आणि तिच्या वाटणीचीही खाल्ली. मग टँकर थांबला आणि त्या माणसानं विचारलं, खाली एक बाई आहेत, तुमच्याबरोबरच्या का?

एवढंच आहे.

त्या नळ्या पडद्याच्या नाहीत, तंबूच्या काठ्या आहेत. कापड माझ्याकडे असायचं, काठ्या तिच्याकडे. ही वाटणी तिची. म्हणायची, दिवसभर कितीही भांडलो तरी संध्याकाळी एकमेकींना शोधत यावंच लागेल, नाहीतर दोघी उघड्यावर. कापड अजून माझ्याकडे आहे, बांधलेलं तसंच.

मलाही काही होत नाही. भाजीवाली म्हणाली, "बाई, रडून घ्या, मोकळं वाटेल." मी तिला म्हटलं, तू आधी वांगी नीट निवडून दे.

तू आरोप केलेस, तरी वर "प्रिय मावशी" लिहिलंस. मला मावशी म्हणणारं माणूस जगात तू एकटीच आहेस. म्हणून उत्तर दिलं. दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं, तर लाल शाईनं परत पाठवलं असतं.

तुझी,
टाचणी मावशी

---

२० एप्रिल

प्रिय मावशी,

दीड, दीड, दीड. झालं?

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला माहीत नव्हतं हे मी मान्य करते. मग आई माझ्याशी खोटं बोलली. तेही मान्य करते. मान्य करायला सध्या काही लागत नाही. समोर ठेवलं की सही करते.

मी कामावर परत गेले. रोज वीस जणांना विचारते, दुखतंय का? भूल देण्याआधी प्रत्येकाला सांगते, तोंड उघडं असताना तुम्हाला बोलता येणार नाही, म्हणून दुखलं तर डावा हात वर करा. हात वर झाला की मी थांबते. खरं दुखतंय की नुसती भीती वाटतेय, ते विचारत नाही. आणि घरी जाताना सांगते, दोन तास काही खाऊ नका. बधिर असताना माणूस स्वतःचाच गाल चावतो आणि त्याला पत्ता लागत नाही.

परवा एका आजोबांना हे सांगताना मध्येच थांबले. पुढचं वाक्य आठवेना. असिस्टंटनं पूर्ण केलं.

एक विचारायचंय. शेवटचं तू तिच्याशी बोललीस. त्या चढाच्या पायथ्याशी ती तुला काय म्हणाली? साधं काही असलं तरी चालेल. पाणी दे, असं असलं तरी. मला फक्त तिचं शेवटचं वाक्य हवंय, जसंच्या तसं.

बिट्टी

---

२७ एप्रिल

चि. बिट्टीस,

काना-मात्रेची एकही चूक नाही. सुधारणा आहे.

शेवटचं वाक्य विचारलंस. पायथ्याशी आम्ही पाणी प्यायलो. रस्ता खडीचा होता, वर मोठी पाण्याची टाकी दिसत होती. ती म्हणाली, "टाकीपलीकडे उतार असेल. ब्रेक धरून जा." मी बरं म्हटलं आणि निघाले.

तेरा दिवस तिनं सायकल चालवली, तेराही दिवस तिला गंमत वाटत होती, हे लक्षात ठेव. सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढून हवेचा अंदाज सांगायची आणि तो चुकायचा. तिच्या खात्यासारखाच. एकदा कालव्याच्या काठी बायका कपडे धूत होत्या, त्यांनी विचारलं, "एवढ्या म्हाताऱ्या बायका कुठे निघाल्या?" ती म्हणाली, "ही म्हातारी आहे. मी तिची नर्स आहे." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तंबू मात्र दोघींनी मिळून लावला. काठ्यांपुढे इलाज नव्हता.

घरी ठीक आहे. सकाळी उठते, चहा करते, तो गार होतो, पुन्हा करते.

मावशी

---

१४ मे

प्रिय मावशी,

आईच्या जुन्या ऑफिसातली माणसं तिच्या आठवणींचं चार पानी पत्रक छापणार आहेत. कोणी तिच्या अंदाजांवर लिहिलंय, कोणी तिच्या डब्यावर. पहिल्या पानावर फोटो आणि खाली काही तरी ओळ हवी होती. मी तू सांगितलेलं वाक्य दिलं. "टाकीपलीकडे उतार असेल. ब्रेक धरून जा." सगळ्यांना फार आवडलं. तिचे साहेब म्हणाले, यात तिचं सगळं आयुष्य आलं.

मलाही ते रोज आठवतं. दवाखान्यात शटर उघडताना मनात म्हणते, ब्रेक धरून जा. गेल्या दोन महिन्यांत एवढी एकच गोष्ट माझ्या हाताला लागलीय.

प्रूफ सोबत पाठवतेय. तपासायला तुझ्याशिवाय कोण? खाली सही करून परत पाठव, म्हणजे छपाईला देतील.

बिट्टी

---

२३ मे

चि. बिट्टीस,

प्रूफ परत पाठवतेय. पाच दिवस ते टेबलावर होतं. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. पहिल्या पानावरची ओळ मी खोडली आहे. सही केलेली नाही.

तुझ्या आईनं ते वाक्य म्हटलेलं नाही. मी बनवलं.

आमच्या शाळेत ड्रिल शिकवणारी एक सिस्टर होती, गळ्यात शिटी आणि मनगटाएवढ्या भुवया. तिच्या तासातून सुटायचा एकच मार्ग होता. गोगी छातीवर हात ठेवायची, डोळे अर्धे मिटायची आणि म्हणायची, "सिस्टर, छातीत कळ येतेय." मग तिला आजाऱ्यांच्या खोलीत पाठवायचे, आणि तिला धरून न्यायला मला. तिथे आम्ही खिडकीत बसून बाकीच्यांचं ड्रिल बघायचो. वर्षभर चाललं. शेवटी सिस्टरनं ओळखलं. मग गोगीनं तोंड उघडलं की ती न बघताच म्हणायची, "देवाला अर्पण कर आणि धाव."

पुढे पन्नास वर्षं हे आमचं दोघींचं राहिलं. कंटाळवाणं भाषण चालू असलं की गोगी माझ्याकडे वळायची, "छातीत कळ येतेय." की आम्ही उठून बाहेर. तुझ्या लग्नात तुझे सासरे आभार मानायला उभे राहिले आणि आम्ही दोघी गायब झालो, आठवतं? तेव्हाही तेच.

त्या चढाच्या पायथ्याशी ती सायकलीवरून उतरली. तिनं छातीवर हात ठेवला. डोळे अर्धे मिटले. म्हणाली, "सिस्टर, छातीत कळ येतेय."

मी म्हटलं, "देवाला अर्पण कर आणि धाव." आणि सायकलीवर बसून निघाले. हसत होते मी. मागे वळून पाहिलं नाही.

तिचं शेवटचं वाक्य ते होतं. माझं हे.

अजून एक. घरी तुझं पहिलं पत्र आलं, तेव्हा मी तणतणत "मला कोणी सांगितलं नाही" असं लिहिलं. टपालात टाकून आले आणि जिन्यातच आठवलं. फेब्रुवारीत ती माझ्या घरी नकाशा घेऊन आली होती. जमिनीवर तो पसरून आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो होतो. ती म्हणाली होती, "टाचणे, मला मधूनमधून छातीत कळ येते हं." मी म्हटलं होतं, "ड्रिल नाहीये हे, सायकल आहे. पेन्सिल दे इकडे." तेव्हा तुझी आई तुझ्याशी खोटं बोललेली नाही. तिनं मला सांगितलं होतं. तोंडावर सांगितलं होतं.

सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात गेलं. त्याबद्दल काही लिहिणार होते, पण ते वाक्य तयार होत नाही.

मावशी

---

१९ जून

सा. न. वि. वि.,

आपलं २३ मेचं पत्र मिळालं.

पत्रक छापून झालं. एक प्रत सोबत आहे. पहिल्या पानावर फोटोखाली जागा मोकळी ठेवली आहे. ऑफिसातल्या लोकांना मी कारण सांगितलं नाही.

तंबूच्या आठ काठ्या वेगळ्या पार्सलनं पाठवत आहे. आमच्या घरी त्यांचा उपयोग नाही. मिळाल्याची पोच द्यावी. तुमच्याकडे आईचं आणखी काही सामान असल्यास तशी सुचना द्यावी.

कळावे.

---

२६ जून

चि. बिट्टीस,

काठ्या मिळाल्या. आठ आहेत.

तिचं एकच सामान माझ्याकडे आहे, निळा हातरुमाल. पंपावर बसताना मी तो ओट्यावर अंथरला होता. धुतलेला नाही. हवा असेल तर पाठवते.

पत्रक चांगलं छापलंय.

मावशी

---

११ जुलै

मावशी,

मी मागच्या पत्रात "सूचना" चुकीचं लिहिलं होतं. मुद्दाम. सा. न. वि. वि. लिहिलं, तेही मुद्दाम, गॅस कंपनीला लिहितात तसं. तुला आपण-तुम्ही केलं. वाटलं, आता लाल शाईनं भरलेलं पत्र येईल आणि मला तुझा राग तरी येईल. तू काहीच बोलली नाहीस. उकार दीर्घ असतो, एवढंसुद्धा नाही. तेव्हा मी घाबरले.

आधी तुझ्या पत्राबद्दल. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, कापसाच्या बोळ्यांखाली. दिवसातून दहा वेळा तो ड्रॉवर उघडावा लागतो.

नकाशाची गोष्ट मी खूप वेळा वाचली. आईला सरळ सांगता आलं असतं. "माझं हृदय बिघडलंय, डॉक्टरनी गोळ्या दिल्यात." तू चाक काढून पलंगाखाली कोंबलं असतंस, हे तिला तुझ्याइतकंच माहीत होतं. म्हणून तिनं असं वाक्य निवडलं, की जे खरं असेल आणि तुला खोटं वाटेल. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, तोंडावर सांगितलंय. खोटं बोलली नाही आणि सायकलीवर बसली. शाळेतही असंच सुटायची ना ती? या वेळी ड्रिलच्या तासातून नाही, आपल्या दोघींच्या हातून सुटली. तेव्हा फेब्रुवारीत तू चुकलीस असं मला वाटत नाही. फेब्रुवारीत तिनं तुला फसवलं.

चढाचं मला माहीत नाही. तिथे ती थट्टा करत होती की मदत मागत होती, की तिलाही दुसरे शब्द सापडत नव्हते, ते तुला कळलं नाही आणि मलाही कळणार नाही. तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. माफ करायला आधी काही तरी वाटावं लागतं. अजून ते आलेलं नाही.

गेल्या रविवारी आमच्या दंतवैद्यांच्या संघटनेचा कार्यक्रम होता. एक गृहस्थ पाऊण तास हिरड्यांवर बोलले. मी शेजारच्या खुर्चीकडे वळले. तोंड उघडलंसुद्धा. मग कळलं की हे वाक्य आता कोणाला म्हणता येत नाही. आईला नाही आणि तुला तर नाहीच.

भूल उतरायला लागली की आधी मुंग्या येतात. पेशंट फोन करतात, डॉक्टर, काही तरी विचित्र होतंय. मी म्हणते, होऊ दे, ते चांगलं असतं, थोड्या वेळानं दुखेल. तुला ते सुरू झालं की मला कळव. पण शब्दांत नको. आपल्या घरात शब्दांचं काय होतं ते पाहिलंय. डावा हात वर कर. मी खरं-खोटं विचारणार नाही.

रुमाल धुवू नकोस. मी न्यायला येईन. कधी ते आत्ताच विचारू नकोस.

तुझी,
बिट्टी

---

१६ जुलै

चि. बिट्टीस,

सूचना. सू दीर्घ. घे.

तुझं पत्र काल दुपारच्या टपालानं आलं. वाचलं आणि तंबूचं कापड सोडलं. गाठ सुटेना, गोगीनं बांधलेली होती, शेवटी दातांनी सोडली. काठ्या जोडल्या. बाहेरच्या खोलीत सोफा भिंतीला लावला आणि मधल्या जागेत तंबू उभा केला. एकटीनं करायची सवय नाही. एक बाजू उचलली की दुसरी बसायची. फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून दोऱ्या खुर्च्यांना बांधल्या आणि खुर्च्या सरकू नयेत म्हणून त्यांच्यावर शब्दकोश ठेवले. सहा खंड. आयुष्यात पहिल्यांदा कामाला आले.

दूधवाला दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाई, घर गळतंय का?" मी म्हटलं, "हो. तू दूध ठेव आणि जा."

मग आत शिरले. आत अजून त्या चौदाव्या सकाळचं गवत होतं, वाळलेलं, तिच्या बाजूला. माझी बाजू स्वच्छ होती, मी नेहमी झटकते. ती कधी झटकायची नाही, त्यावरून रोज बोलायचे मी तिला.

आता सकाळचे साडेदहा झालेत आणि मी आतच बसून हे लिहितेय. अक्षर वाकडं आलंय, ओळी उतरत गेल्यात, मला दिसतंय. कागद हलतोय, त्याला धरायला हात नाही. उजव्या हातात पेन आहे.

डावा वर आहे.

मावशी